मतपेटीच्या आधीची निवडणूक
(बी. कॉम. द्वितीय वर्षातील एक विद्यार्थिनी)

गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी बडोद्यास मामाकडे गेले होते. मामा पंचवीस वर्षांपूर्वी कामाच्या शोधात बेळगावकडून तिकडे गेला आणि मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर म्हणून स्थिरावला. मकरपुरा म्हटले की बडोद्याच्या जुन्या मराठी माणसाला अजून गायकवाडांचा राजवाडा आठवतो. त्या वाड्यात आता हवाई दलाची प्रशिक्षण संस्था आहे, आणि मकरपुरा हे नाव लेथच्या आवाजाशी आणि पाळ्यांच्या भोंग्याशी जोडले गेले आहे.

माझी मामेबहीण नुकतीच अठरा वर्षांची झाली. मतदार यादीत नाव घालण्याचा अर्ज भरता भरता तिने मला विचारले, "ताई, तू कॉमर्सची ना? मग सांग, दोन उमेदवारांतला चांगला कोण हे ओळखायचं कसं?" मी काही बोलण्याआधीच मामा म्हणाला, "अगं, ताट आपल्यापुढे येतं तेव्हा भाजी चिरून, शिजवून, मीठ घालून झालेली असते. आपण फक्त जेवायचं की उठायचं एवढंच ठरवायचं."

मामाच्या या बोलण्यावर सगळे हसले. मला मात्र मनातून ओशाळल्यासारखे झाले. ७ मे २०२४ रोजी मी लोकसभेसाठी आयुष्यातील पहिले मत दिले. योगायोग असा की त्याच दिवशी बडोद्यातही मतदान होते आणि आपल्या बेळगाव व चिक्कोडी मतदारसंघांतही. त्या दिवशी मी काय केले? चिन्ह पाहिले, बटण दाबले आणि शाई लावलेल्या बोटाचे छायाचित्र काढून मैत्रिणींना पाठवले. ज्याला मत दिले त्याचे शिक्षण किती, व्यवसाय कोणता, त्याच्यावर खटले आहेत की नाहीत, यांतले काहीही मला ठाऊक नव्हते. दोन रुपयांच्या फरकासाठी बाजारात चार दुकाने फिरणारी मी, पाच वर्षांचा प्रतिनिधी मात्र न पाहताच घेऊन आले होते! सुटीतील उरलेले दिवस मग आम्ही दोघींनी या प्रश्नाच्या मागे घालवले. त्यातून जे हाती लागले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

प्राथमिक निवडणूक म्हणजे काय?

उमेदवारांची तुलना दोन वेळा होऊ शकते. एकदा वेगवेगळ्या पक्षांचे उमेदवार समोरासमोर उभे राहिल्यावर. ही तुलना आपल्या परिचयाची आहे. दुसरी तुलना त्याच्या आधीची. एकाच पक्षातून उभे राहू इच्छिणारे पाच-सात जण असतात, त्यांतून एक निवडायचा असतो. ही निवड नेत्यांनी न करता मतदारांनी मतदानाने करावी, या पद्धतीस अमेरिकेत 'प्रायमरी' म्हणजे प्राथमिक निवडणूक म्हणतात.

अमेरिकेतही पूर्वी हे काम पक्षाचे पुढारी अधिवेशनात बसून करीत. त्यात सौदेबाजी फार होई. विस्कॉन्सिन राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी याविरुद्ध चळवळ केली आणि १९०३ साली त्या राज्यात संपूर्ण राज्यासाठी प्राथमिक निवडणुकीचा कायदा झाला. पुढे ही पद्धत देशभर पसरली. तिचे प्रकारही अनेक झाले. काही राज्यांत पक्षाचे मतदार म्हणून नोंद असलेल्यांनाच मत देता येते. काही राज्यांत कोणीही मतदार कोणत्याही एका पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत भाग घेऊ शकतो. कॅलिफोर्नियात तर २०१२ पासून राज्य विधिमंडळासाठीही सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्राथमिक यादीत असतात आणि पहिले दोघे, मग ते एकाच पक्षाचे का असेनात, अंतिम लढतीस जातात.

या पद्धतीतील महत्त्वाची गोष्ट अशी की प्राथमिक निवडणुकीत सारेच उमेदवार एका पक्षाचे असल्यामुळे चिन्ह पाहून मत देण्याची सोयच राहत नाही. हत्ती सर्वांचाच, किंवा गाढव सर्वांचेच. (हे तेथील दोन मोठ्या पक्षांचे लोकमान्य प्रतीक-प्राणी आहेत.) मग माणूस पाहावाच लागतो. याने आजवर काय केले, याला पैसा कोण देतो, याच्या मागे कोणत्या संघटना आहेत, हा चर्चेत प्रश्नांना सरळ उत्तरे देतो का, हे मतदाराला तपासावे लागते. ज्या भागात एकाच पक्षाचे वर्चस्व असते तेथे तर प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक ठरते.

बेळगावचा मुलगा, मिशिगनची विधानसभा

हे उदाहरण परदेशातील असले तरी आपल्या घरचेच आहे. श्री ठाणेदार यांचे नाव आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. चिक्कोडीत जन्मलेला आणि बेळगावात वाढलेला हा मुलगा रसायनशास्त्र शिकून १९७९ साली अमेरिकेस गेला, तेथे उद्योजक झाला. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचे मराठी आत्मचरित्र अनेकांनी वाचले असेल. पुढे ते राजकारणात उतरले. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत ते तिघांत तिसरे आले. त्यांनी हार मानली नाही. २०२० मध्ये त्यांनी डेट्रॉईट शहरातील एका मतदारसंघातून राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी प्राथमिक निवडणूक लढवली. उमेदवारांची गर्दी होती, पण ते जिंकले. तो भाग डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्याने नोव्हेंबरमधील अंतिम निवडणूक सोपी गेली. २०२२ मध्ये ते अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून गेले.

या कथेतून दोन्ही बाजू दिसतात. चिक्कोडीत जन्मलेल्या, बाहेरून आलेल्या माणसाला पक्षाच्या कोणा पुढाऱ्याच्या दारात ताटकळत न बसता मतदारांपुढे जाता आले, ही या पद्धतीची मोठी बाजू. परंतु २०१८ च्या त्या लढतीत त्यांनी स्वतःचे एक कोटी डॉलरहून अधिक ओतले होते, हेही विसरता येणार नाही. दार सर्वांना उघडे असले तरी उंबरा पैशाचा असतो. शिवाय २०२२ च्या प्राथमिक निवडणुकीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर विजयी झाले. म्हणजे जवळजवळ पाऊण मतदारांची पहिली पसंती दुसऱ्याच कोणाला होती. तेव्हा प्राथमिक निवडणूक म्हणजे रामबाण औषध नव्हे. निवड चार भिंतींतून बाहेर येते, इतकाच तिचा गुण; पण तो थोडा नव्हे.

बडोद्यात झालेला प्रयोग

"आपल्याकडे असं कधी झालंच नाही का?" या मामेबहिणीच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता कळले की झाले होते, आणि तेही बडोद्यातच. त्या वेळी ती पहिलीत असेल.

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी काँग्रेस पक्षाने देशातील सुमारे पंधरा मतदारसंघांत उमेदवार निवडण्यासाठी अमेरिकेच्या धर्तीवर प्राथमिक निवडणूक घेतली. मत देण्याचा अधिकार मात्र पक्षाचे पदाधिकारी व लोकप्रतिनिधी यांच्यापुरता होता, सामान्य नागरिकांना नव्हता. कर्नाटकात उत्तर बंगळूर व दक्षिण कन्नड, महाराष्ट्रात लातूर व वर्धा हे मतदारसंघ त्यात होते, आणि गुजरातेत बडोदे होते. कन्नड विभागातील मित्रांना मंगळूरची ती लढत आठवत असेल. तेथे जनार्दन पुजारी यांनी पक्षांतर्गत मतदानात बाजी मारली होती.

बडोद्यात मार्च महिन्यात मतदान झाले आणि नरेंद्र रावत हे स्थानिक कार्यकर्ते विजयी झाले. त्यानंतर काही दिवसांतच, १९ मार्चला, भारतीय जनता पक्षाने बडोद्यातून नरेंद्र मोदी यांची उमेदवारी जाहीर केली. लढतीचे स्वरूपच पालटले. रावत यांनी आपली जागा मोकळी करून दिली आणि काँग्रेसने पक्षाचे सरचिटणीस मधुसूदन मिस्त्री यांना उभे केले. पक्षाच्या मतदारांनी निवडलेला उमेदवार अशा रीतीने मतपत्रिकेपर्यंत पोहोचलाच नाही. ३० एप्रिलच्या मतदानात मोदी ५,७०,१२८ मतांच्या फरकाने विजयी झाले. त्यांनी वाराणसीची जागा राखून बडोद्याचा राजीनामा दिला आणि सप्टेंबरमध्ये तेथे पोटनिवडणूक होऊन रंजनबेन भट्ट निवडून आल्या.

कोणी म्हणेल, एवढ्या मोठ्या फरकापुढे रावत काय किंवा मिस्त्री काय, फरक काय पडला असता? निकालात कदाचित काहीच नाही. उत्तर बंगळूर, दक्षिण कन्नड, लातूर आणि वर्धा येथील प्राथमिक निवडणुकीतले विजेतेही त्या वर्षी अंतिम निवडणुकीत पराभूतच झाले. परंतु प्रश्न निकालाचा नसून रीतीचा आहे. निवड करण्याचा अधिकार एकदा दिल्यावर, लढत अवघड झाली म्हणून तो बाजूला सरतो, असे दिसले की पुढच्या खेपेस त्या अधिकाराचे मोल कोणाला वाटणार? पुढे हा प्रयोग रुजला नाही, यात नवल नाही.

मग तिकीट ठरते कसे?

आपल्याकडे पक्षाचे निरीक्षक येतात, इच्छुकांच्या मुलाखती होतात, नावांची यादी वर जाते आणि राजधानीतील समिती अंतिम नाव ठरवते. त्या नावाचे अधिकृत पत्र, ज्याला बोलीत 'ए-बी फॉर्म' म्हणतात, ज्याच्या हाती पडेल तो उमेदवार. लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदान कसे घ्यावे याचा बारीकसारीक तपशील आहे. पण पक्षाने उमेदवार कोणत्या पद्धतीने निवडावा याबद्दल कायदा मौन पाळतो.

परिणाम काय होतो ते एकट्या बडोदे जिल्ह्यातच पाहता येते. मकरपुरा हा भाग मांजलपूर विधानसभा मतदारसंघात मोडतो. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपने मांजलपूरचा उमेदवार अर्ज भरण्याच्या अगदी शेवटी जाहीर केला. जुने आमदार योगेश पटेल यांनाच पुन्हा तिकीट मिळाले आणि ते आठव्यांदा निवडून आले. निकाल लोकांच्या मनाजोगता असेलही. परंतु उमेदवार कोण हे शेवटच्या घटकेस कळल्यावर मतदाराने तुलना कशी आणि कधी करायची?

त्याच निवडणुकीत जवळच्या वाघोडिया मतदारसंघात पक्षाने विद्यमान आमदार मधु श्रीवास्तव यांना तिकीट नाकारले. ते अपक्ष उभे राहिले. तिकीट न मिळालेले धर्मेंद्रसिंह वाघेला हेही अपक्ष उभे राहिले आणि चक्क निवडून आले. पुढे २०२४ मध्ये त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, ते भाजपमध्ये गेले आणि पोटनिवडणुकीत त्याच पक्षातर्फे पुन्हा आमदार झाले. एका अर्थी २०२२ ची निवडणूक हीच वाघोडियाची प्राथमिक निवडणूक झाली म्हणायची. फक्त तिचा खर्च साऱ्या जनतेने सोसला!

२०२४ च्या लोकसभेच्या वेळी बडोद्यात रंजनबेन भट्ट यांना तिसऱ्यांदा उमेदवारी जाहीर झाली. पक्षातून नाराजी उघड झाली, शहरात निनावी फलक लागले, आणि वैयक्तिक कारण देऊन त्यांनी स्वतःच माघार घेतली. मग तरुण उमेदवार डॉ. हेमांग जोशी यांचे नाव पुढे आले व ते निवडून आले. कार्यकर्त्यांचे मत असतेच; ते पेटीतून बाहेर आले नाही तर भिंतीवरून बाहेर येते. आणि भिंतीवरच्या मताखाली सही नसते, त्याची मोजणीही होत नाही.

ही गोष्ट एका पक्षाची नाही, की एका राज्याची नाही. आपल्याकडील सोसायट्यांच्या आणि कारखान्यांच्या निवडणुकांत 'पॅनेल' कसे ठरते ते ज्यांनी घरी पाहिले आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

शपथपत्राचा ताळेबंद

ताट वाढण्याआधी स्वयंपाकघरात जाता येत नाही हे खरे. पण ताटात काय आहे हे नीट पाहण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला आहे आणि त्याचा उगम बडोद्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, अहमदाबादेत आहे. तेथील भारतीय व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांनी १९९९ साली 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था काढून न्यायालयात अर्ज केला. मागणी साधी होती : उमेदवाराची पार्श्वभूमी मतदाराला कळावी. २ मे २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. कायद्यात बदल करून या निकालाला बगल देण्याचा प्रयत्न झाला. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने तोही रद्द ठरवला.

तेव्हापासून प्रत्येक उमेदवार अर्जासोबत शपथपत्र देतो. त्याला 'नमुना २६' म्हणतात. त्यात प्रलंबित खटले व झालेल्या शिक्षा, स्वतःचे, पती अथवा पत्नीचे आणि अवलंबितांचे स्थावर-जंगम, कर्जे व सरकारी थकबाकी, पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणातील उत्पन्न, व्यवसाय आणि शिक्षण लिहावे लागते. रकाना कोरा ठेवता येत नाही. खोटी माहिती दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ही शपथपत्रे कोणालाही फुकट वाचता येतात.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे वाचणे मुळीच कठीण नाही, कारण हा एक ताळेबंदच आहे. मी मामेबहिणीला शिकवले ते असे :

पहिले, एकच ताळेबंद वाचून धंदा कळत नाही. दोन वर्षांचे शेजारी शेजारी ठेवावे लागतात. जुन्या उमेदवाराचे मागील निवडणुकीतले शपथपत्रही काढावे. समजा 'अ' ची मालमत्ता पाच वर्षांत १ कोटीवरून ३ कोटींवर गेली. लगेच बोट दाखवू नये. जुन्या जमिनीचा बाजारभाव वाढला असेल तर ती केवळ फेरमूल्यांकनाची वाढ आहे. पण त्या पाच वर्षांत नवीन जमीन घेतलेली असेल आणि विवरणात दाखवलेले उत्पन्न सारे मिळून २० लाख असेल, तर पैसा कर्जातून आला की वारशातून, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे.

दुसरे, देणी वाचावीत. कर्ज असणे हा दोष नव्हे, व्यापारी माणसाला ते असतेच. पण पाणीपट्टी, घरपट्टी, वीजबिल यांची सरकारी थकबाकी असलेला माणूस सरकारी तिजोरीचा विश्वस्त होऊ पाहतो आहे का, हे दिसते.

तिसरे, आणि सर्वांत नाजूक, खटले. हिशेबाच्या भाषेत ही आकस्मिक देणी : आज देणे नाही, उद्या होऊ शकते. येथे नुसती संख्या मोजणे अन्यायाचे आहे. आपल्या सीमाभागात हे वेगळे सांगायला नको. मराठी असो वा कन्नड, भाषेच्या किंवा शेतकऱ्यांच्या आंदोलनात उतरलेल्या कित्येकांवर जमावबंदी मोडल्याचे खटले आहेत. असा खटला आणि खंडणीचा खटला एका मापाने मोजता येणार नाही. म्हणून कोणते कलम, कोणत्या साली, न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत की नाहीत, ही तिन्ही माहिती शपथपत्रात असते ती वाचावी.

चौथे, जो आधी आमदार होता त्याचे काम पाहावे. सभागृहातील उपस्थिती, विचारलेले प्रश्न, आमदार निधी कोठे खर्च झाला, हे शपथपत्रात नसते. ते मागावे लागते. प्रचाराला दारात आला की विचारावेही लागते.

यात आणखी एक भर १३ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने पडली आहे. गुन्हेगारी खटले असलेल्या माणसाला पक्षाने निवडले, तर का निवडले आणि असे खटले नसलेला दुसरा का निवडता आला नाही, याची कारणे पक्षाने आपल्या संकेतस्थळावर आणि वृत्तपत्रांत प्रसिद्ध केली पाहिजेत. 'हा निवडून येऊ शकतो' एवढे एकच कारण चालणार नाही, असे न्यायालयाने बजावले आहे. स्वयंपाकघराच्या दाराला पडलेली ही पहिली फट म्हणायला हरकत नाही. ही कारणे छापून येतात, पण वाचतो कोण? आपण वाचली नाहीत, तर पुढच्या वेळी ती अधिकाधिक ठोकळेबाज होत जातील.

समारोप

मामा अजूनही म्हणतो की एका मताने काय होते. त्याला मी त्याच्याच शहराची आठवण करून दिली. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बडोद्यात सत्यजितसिंह गायकवाड अवघ्या १७ मतांनी निवडून आले होते. मकरपुऱ्यातल्या एका चाळीत याहून अधिक मतदार निघतील. आणि २०२४ मध्ये शेजारच्या सुरतेत उलटेच झाले. इतर उमेदवारांचे अर्ज बाद झाले वा मागे घेतले गेले, निवड बिनविरोध झाली आणि मतदारांना बटण दाबण्याची संधीच मिळाली नाही. तुलना करायला दुसरे कोणी उरलेच नाही तर मताचा अधिकार कसा नावापुरता राहतो, ते तेथे दिसले.

उमेदवार निवडण्याचा अधिकार पक्ष आपल्याला उद्याच देतील, असे मला वाटत नाही. कायदा तसे सांगत नाही, आणि बडोद्याचा अनुभव फारसा आशादायक नाही. पण न मागता तर काहीच मिळत नाही. निदान पक्षाने इच्छुकांची नावे वेळेवर जाहीर करावीत, कार्यकर्त्यांचे मत मोजून घ्यावे आणि ते मोजले तर पाळावे, एवढी मागणी कोणत्याही पक्षात असलेला तरुण करू शकतो. तोवर शपथपत्र वाचणे आपल्या हातात आहे.

निघण्याच्या आदल्या रात्री मामेबहिणीने एका वहीत रेघा मारून रकाने पाडले : नाव, शिक्षण, व्यवसाय, मालमत्ता, देणी, खटले, काम. गुजरात विधानसभेची पुढील निवडणूक २०२७ च्या अखेरीस अपेक्षित आहे आणि आपली २०२८ मध्ये. मामाने चष्मा लावून ती वही हातात घेतली, रकाने एकदा वरपासून खालपर्यंत वाचले आणि म्हणाला, "आणखी एक रकाना पाड. पाच वर्षांत आपल्या गल्लीत किती वेळा आला."

तो रकाना आम्ही पाडला. माझ्याही वहीत तो आहे.